मायबोली, राज्यभाषा आणि आपले वर्ग
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



 मी विद्वान नाही. उर्दू माध्यमाच्या शाळांतून मराठी हा विषय शिकविण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे दोन्ही भाषांचे मीठ मी खाल्ले आहे, आणि आज दोघींच्याही बाजूने बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

आपल्या पालकसभेत एक प्रश्न निघाला आहे, असे मला सांगण्यात आले. प्राथमिक शाळेचे उर्दू वर्ग पुढे चालवावेत की त्यांच्या जागी हळूहळू इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडावेत, हा तो प्रश्न. हा केवळ आपल्या शाळेचा प्रश्न नाही. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, जेथे जेथे आपली वस्ती आहे तेथे तो आज घराघरांत विचारला जात आहे. कुणी म्हणतात, उर्दू गेली तर आपली ओळख गेली. कुणी म्हणतात, ओळखीने पोट भरत नाही. दोन्ही बाजूंना मुलांची काळजी आहे, म्हणून दोघांचेही ऐकून घेतले पाहिजे. तथापि निर्णय घेण्यापूर्वी कायदा आपल्याला काय देतो आणि काय देऊ शकत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम आपल्या विदर्भातलीच एक गोष्ट सांगतो. अकोला जिल्ह्यातील पातूर येथे नगर परिषदेच्या इमारतीवर जो नामफलक आहे, त्यावर वर मराठी व खाली उर्दू अशी दोन भाषांतील अक्षरे आहेत. तेथे फलकावर उर्दूचा वापर १९५६ पासून चालत आला होता. एका माजी नगरसेविकेने २०२० साली त्यास हरकत घेतली. राज्याची राजभाषा मराठी आहे, तेव्हा फलकावर दुसरी भाषा असू नये, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मुंबई उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत शेवटी दिल्लीस पोहोचले. दरम्यान २०२२ साली महाराष्ट्र विधिमंडळाने स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयी नवा कायदा केला, आणि त्या कायद्याच्या संदर्भातही हा वाद तपासला गेला. अखेर १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मराठीचा वापर आवश्यक आहे. परंतु तिच्या जोडीला दुसऱ्या भाषेत तोच मजकूर लिहिण्यास कायद्याने बंदी केलेली नाही, असा त्या निकालाचा आशय. न्यायालयाने असेही सांगितले की भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू ही बाहेरून आलेली नसून याच भूमीत जन्मलेली भाषा आहे.

हा निकाल ऐकून अनेकांना आनंद झाला. मलाही झाला. परंतु त्याच रात्री माझ्या मनात एक विचार आला. फलक राहिला, हे उत्तम झाले. पण उद्या त्या फलकाखालून जाणाऱ्या आपल्या मुलाला ती उर्दू ओळ वाचताच आली नाही, तर तो फलक कुणासाठी? आणि वरची मराठी ओळ त्याला अडखळत वाचावी लागली, तर तो नगर परिषदेच्या आत जाऊन आपले काम कसे करणार? न्यायालय फलक वाचवू शकते. तो वाचणारा माणूस घडविणे हे न्यायालयाचे काम नव्हे. ते काम आपले आहे.

आता घटनेने आपल्याला काय दिले आहे ते पाहू. अनुच्छेद २९ प्रमाणे ज्या नागरिक-समूहाला स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती आहे, त्यास ती जतन करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ३० प्रमाणे धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क आहे, आणि अनुदान देताना शासनाने अशा संस्थांशी भेदभाव करावयाचा नाही. आपली ही संस्था या अनुच्छेदाच्या छायेत उभी आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीत ज्या चौदा भाषा प्रारंभी होत्या, त्यांत मराठीही होती व उर्दूही होती.

पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. आपला भंडारा जिल्हा त्यापूर्वी मध्य प्रदेशात होता. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा झाला. राज्यांच्या सीमा भाषेवरून आखल्या म्हणजे प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची माणसे उरणारच. म्हणूनच त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आणि ३५०-ख घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा, असे पहिला सांगतो. दुसऱ्याने त्यावर देखरेख करण्यासाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा विद्यार्थी त्या भाषेचे असतील, तर त्यांच्यासाठी शिक्षक नेमावा.

या तरतुदी केवळ आपल्यासाठी आहेत असे समजू नका. अल्पसंख्य कोण, हे राज्य पाहून ठरवावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ साली सांगितले. त्यामुळे महाराष्ट्रात जो हक्क उर्दू, गुजराती, कन्नड वा सिंधी बोलणाऱ्यांना आहे, तोच हक्क बेळगावच्या मराठी माणसाला कर्नाटकात आहे. एकाने दुसऱ्याचा हक्क मानला तरच स्वतःचा हक्क मागताना त्याची मान ताठ राहते. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी व तेलुगू अशा आठ भाषांतून पुस्तके काढली आहेत, ही महाराष्ट्राच्या मोठेपणाची गोष्ट आहे. तिचा उल्लेख आपण कृतज्ञतेने केला पाहिजे.

परंतु अनुच्छेद ३५०-क मधील एक शब्द लक्षात घ्या. तो शब्द आहे ‘प्रयत्न’. शासनाने प्रयत्न करावयाचा. परंतु पट नसेल तर शिक्षक टिकत नाही आणि शिक्षक नसेल तर पट वाढत नाही. हे चक्र न्यायालयाच्या आदेशाने थांबत नाही. शिवाय मुलाने कोणत्या माध्यमातून शिकावे हे ठरविण्याचा अधिकार पालकाचा आहे, शासन त्यावर मातृभाषेची सक्ती करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे शेवटचा शब्द आपलाच आहे.

येथे मी एक गैरसमज दूर करू इच्छितो. उर्दू ही मुसलमानांची आणि मराठी ही हिंदूंची, असे बोलण्याची सवय दोन्हीकडे पडली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती, आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. बाकीचे कोण? कुणी मराठी सांगितली, कुणी हिंदी, कुणी आणखी काही. म्हणजे आपल्यातच मराठी ही ज्यांची मायबोली आहे असे कितीतरी आहेत. १९९० साली सोलापुरास मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते काही आकाशातून पडले नाही. उलट उर्दू शायरीचा ज्याला एक जनक मानतात तो वली हा आपल्या औरंगाबादचा. आणि मराठीत अर्ज, दाखला, वकील, फिर्याद, कागद, शाई, दुकान, जमीन हे शब्द काढून टाकले, तर तहसील कचेरीतला एक कागददेखील पुढे सरकणार नाही.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. आपल्या झाडीपट्टीतला शेतकरी ‘पाणी’ म्हणत नाही, ‘पानी’ म्हणतो. त्याचा मुलगा शाळेत आला की गुरुजी त्याला ‘पाणी’ म्हणावयास शिकवितात. आपल्या घरातला मुलगाही ‘पानी’च म्हणतो. बांधावर दोघांचा शब्द एक, शाळेत मात्र दोघेही चुकलेले! डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा मान वाढविण्यासाठी जे कष्ट घेतले, त्यातून आपणही धडा घ्यावा. आपल्या घरात जी बोली चालते तीही पुस्तकातली उर्दू नव्हे. तिच्यात नागपूरची हिंदी आहे, दख्खनी आहे, मराठी आहे. मुलाच्या तोंडची बोली अशुद्ध म्हणून तिची थट्टा करणारा शिक्षक, मग तो कोणत्याही माध्यमाचा असो, मुलाच्या तोंडाला कुलूप लावतो.

आता मी आपल्याला थोडे दूर, आयर्लंडला नेतो. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे. त्या देशाची जुनी भाषा आयरिश. इंग्रजांच्या राजवटीत कचेरी, न्यायालय आणि बाजार इंग्रजीचे झाले. १७३७ च्या एका कायद्याने तर न्यायालयात इंग्रजीखेरीज अन्य भाषेला मज्जाव होता. १८३१ साली सरकारी मदतीच्या ज्या राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, त्यांतून शिक्षण इंग्रजीतूनच दिले जाई. मुलाच्या गळ्यात एक काठी बांधीत. तो आयरिश बोलला की त्या काठीवर एक खाच पाडावयाची आणि खाचा मोजून शिक्षा करावयाची. सर्वांत दुःखाची गोष्ट अशी की या कामात कित्येक आईबाप स्वतः सामील होते. त्यांचे मुलांवर प्रेम नव्हते असे नाही. इंग्रजी आली तर पोर जगेल, अमेरिकेला जाऊन चार पैसे मिळवील, असे त्यांना वाटे. त्यात १८४५ पासूनच्या महादुष्काळाने आयरिश बोलणारे गरीब प्रदेशच अधिक उद्ध्वस्त केले.

पुढे १८९३ साली भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड. देश बहुसंख्य कॅथलिकांचा आणि हाइड प्रॉटेस्टंट पंथाचे. भाषेला धर्म नसतो हे त्यांनी आपल्या जगण्याने दाखविले, आणि १९३८ साली ते त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९२२ साली स्वराज्य मिळाल्यावर आयरिश शाळांतून सक्तीची झाली. १९३७ च्या घटनेच्या आठव्या कलमाने ती पहिली राजभाषा ठरली आणि इंग्रजी दुसरी. २००३ साली राजभाषांचा कायदा होऊन भाषा आयुक्त नेमण्यात आला. २००७ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने २०३० पर्यंत सरकारी नोकरभरतीत वीस टक्के लोक आयरिश जाणणारे असावेत असे ठरले. उत्तर आयर्लंडातही २०२२ साली कायदा होऊन तिला अधिकृत मान्यता मिळाली आणि तो १७३७ चा जुना कायदा रद्द करण्याची तरतूद झाली. भाषेसाठी कायदा याहून अधिक काय करील?

आणि फळ काय? आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांवर लोकांनी ‘आम्हाला आयरिश येते’ असे सांगितले. पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे सुमारे ७२ हजार निघाले. वर्षानुवर्षे तास होतात, परीक्षा होतात, गुण पडतात आणि शाळा सुटली की भाषाही सुटते. कारण घरात ती नाही, बाजारात ती नाही. ज्या ठिकाणी ती पुन्हा रुजली, ती बहुधा आईबापांनी एकत्र येऊन आपल्या हौसेने उभ्या केलेल्या आयरिश माध्यमाच्या शाळांतून. तेथील मुले आयरिशमधून गणित व इतिहास शिकतात आणि इंग्रजीतही कच्ची राहत नाहीत.

या उदाहरणातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, घराने सोडलेली भाषा केवळ सरकारच्या बळावर जगत नाही. दुसरी, पोटासाठी भाषा सोडावी लागते असे पालकांना वाटू लागले, की कोणतेही भाषण त्यांना थांबवू शकत नाही. म्हणून उर्दूवर प्रेम करणाऱ्याचे पहिले कर्तव्य हे की उर्दू शिकलेला मुलगा पोटासाठी लाचार राहणार नाही, हे पाहणे.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मोटार दुरुस्तीचे काम करणारे, स्वतः फारसे न शिकलेले. म्हणाले, “मास्तरसाहेब, पोराचं मराठी फार कच्चं आहे. संध्याकाळी थोडं बघाल का?” मुलगा हुशार होता, उर्दू निबंधात वर्गात पहिला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, “काळजी करू नका, मराठी काय, गल्लीत खेळता खेळता येते!” गल्लीत मराठी आली, परंतु ती बोलण्याची. पुढे तो पोलीस भरतीला उतरला. धावण्यात, गोळाफेकीत उत्तम. लेखी परीक्षा मराठीत. व्याकरणाच्या प्रश्नांनी त्याला मागे टाकले. दुसऱ्यांदा बसला, तेव्हाही तेच झाले. नंतर वय गेले. आज तो बापाच्याच दुकानात काम करतो, आणि भेटला की आदराने सलाम करतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. त्याची मुले मात्र इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांना उर्दूचा अलिफ ओळखू येत नाही. मी एका मुलाचे मराठी सोडून दिले आणि त्याच्या घरातली उर्दू गेली. हा हिशेब मला झोपू देत नाही.

म्हणून मराठीला आपण सक्ती समजू नये. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की भाषिक अल्पसंख्यांच्या शाळांतूनही मराठी अनिवार्य करणे हे राज्याच्या अधिकारात आहे आणि त्यामुळे अनुच्छेद ३० चा भंग होत नाही. २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सर्व शाळांतून सक्तीची झाली. त्याबद्दल कुरकूर करण्याचे कारण नाही. ज्या मातीत आपण जन्मलो, ज्या मातीत आपले वाडवडील निजले आहेत, तिची भाषा आपल्याला उत्तम आली पाहिजे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, त्या आनंदात आपलाही वाटा आहे.

आणि उर्दूने वाट अडते, हेही पुरते खरे नाही. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१८ पासून उर्दूतही देता येते. मुलाने पहिली चार-पाच वर्षे ज्या भाषेत त्याला समजते त्या भाषेत शिकावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याचे शासननिर्णय निघाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने लहान मुलांवर भाषांचे ओझे नको, मातृभाषा आधी, असा आग्रह धरला आणि २९ जून २०२५ रोजी ते निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले. जो न्याय मराठी मुलाला, तोच उर्दू बोलणाऱ्या मुलाला.

तेव्हा संस्थेपुढे माझ्या अल्पबुद्धीने चार सूचना नम्रपणे ठेवतो. एक, चौथीपर्यंतचे उर्दू वर्ग बंद करू नयेत. दोन, त्याच वर्गांत पहिलीपासून मराठी अशा शिक्षकाकडे द्यावी की ज्याला ती मनापासून आवडते. उरलेला तास भरून काढणाऱ्याकडे ती देऊ नये. आठवीपासून स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने मराठी व्याकरणाचा जादा वर्ग असावा. तीन, इंग्रजी बोलण्या-वाचण्याची तयारी पाचवीपासून नेटाने करावी आणि ज्यांनी मुले इंग्रजी माध्यमात घातली आहेत, त्यांच्यासाठी रविवारी उर्दू लिपीचा वर्ग चालवावा. या वर्गाचे दार सर्वांना उघडे असावे. शेजारच्या एखाद्या मराठी मुलाला गझल समजून घ्यावीशी वाटली, तर त्याचेही स्वागत व्हावे. चार, संस्थेच्या वाचनालयात जितकी उर्दू पुस्तके घ्याल तितकीच मराठी घ्यावीत.

पहिला वर्ग चालविण्याची आणि आठवीचा मराठी व्याकरणाचा जादा वर्ग घेण्याची जबाबदारी, पाय चालत आहेत तोवर, मी विनामोबदला घ्यावयास तयार आहे. ज्या मुलाचे नुकसान माझ्या हातून झाले त्याची भरपाई आता होणे नाही. पण त्याच्या धाकट्या मुलाचे नाव रविवारच्या वर्गात पहिले लिहावे, आणि त्याच्या वडिलांना निरोप मी स्वतः घेऊन जाईन.

पालकहो, घरी गेल्यावर आज एवढेच करा. मुलाला जवळ बसवून आपल्या बोलीत एक गोष्ट सांगा, आणि त्याच्याकडून मराठी वर्तमानपत्रातला एक उतारा मोठ्याने वाचून घ्या. दोन्हींना मिळून अर्धा तास लागेल. यासाठी कोणत्याही कलमाची जरूर नाही.